बॉबिनच्या कोटाचा चोरखिसा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या अंगावरची सोनेरी वेल पुसट झाली आहे, पायाने हलवायच्या पायट्याला गंज चढला आहे आणि चाक फिरायला लागलं की मी जरा कुरकुरते. पण कुरकुरत का होईना, काम चोख करते. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेलच, आठवून बघा.

सध्या माझा मुक्काम खिडकीशी आहे. अंगावर झाकण, झाकणावर कुणीतरी ठेवलेली वर्तमानपत्रं आणि त्यांच्यावर एक मांजर. मी मशीन आहे हे त्या मांजराच्या गावीही नाही. उन्हात झोपायला आपल्यासाठी कुणीतरी टेबल मांडलंय, असाच त्याचा समज. आज ते बाहेर भटकायला गेलंय, तेवढ्यात मी माझी गोष्ट सांगून घेते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंड ओतून माझं धड केलं, त्यावर काळ्या रंगाचे हात दिले आणि मग ती वेल चढवली. तेव्हा ती अशी झळकायची की बघत राहावं! शेवटी एका तपासनीस बाईंनी माझ्या सुईखाली चिंधी सरकवली, टीप उलटीसुलटी करून बघितली आणि "चालेल" एवढंच म्हणाल्या. झाली माझी परीक्षा. मी पास झाले आणि दुकानाच्या काचेत जाऊन उभी राहिले.

तिथून मला घरी नेलं ते एका लुकड्या तरुणाने. मला हातगाडीवर बांधलं होतं, तरी तो रस्ताभर माझ्या अंगावर एक हात ठेवून चालत होता. मी काय उतरून पळून जाणार होते? त्याच्या घराची पुढची खोली दुकान झाली आणि मागच्या दोन खोल्यांत संसार थाटला गेला. हळूहळू लोक त्याला मास्तर म्हणायला लागले. लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोला गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, म्हणून मीही वहिनीच म्हणते. मास्तर कापड बेतायचे, कापायचे, जुळवायचे. वहिनी माझ्यासमोर बसून शिवायच्या. इतकी वर्षं हेच चाललंय. दोघांचं भांडण झालं तरी काम थांबायचं नाही. त्या दिवशी फक्त पायटा जरा जोरात हलायचा, आणि त्याचा मार मला बसायचा.

मित्रांनो, प्रत्येक कारागिराची एक खोड असते. आमच्या मास्तरांची खोड म्हणजे खिसा. कुणी कपडे शिवायला आलं की ते पहिला प्रश्न विचारायचे, "खिशात काय ठेवणार?" आणि नुसतं तोंडी सांगून भागायचं नाही. ती वस्तूच आणून दाखवावी लागायची. सुताराला त्याची पट्टी आणायला लावायचे, डॉक्टरीणबाईंना चष्म्याचं घर, बसच्या कंडक्टरला शिट्टी. एका आजोबांनी वैतागून सांगितलं, "बाबा रे, मी खिशात फक्त हात ठेवतो." तर मास्तरांनी त्यांच्या हाताचं माप घेतलं!

खिसा जोडून झाला की मास्तर ती वस्तू आत सरकवायचे, खिशाच्या तोंडावर चार कच्चे टाके घालायचे आणि कपडा लाकडी स्टँडवर टांगून लांबून बघायचे, कुठे झोळ पडतोय का. मनासारखं झालं की टाके उसवायचे आणि वस्तू परत द्यायचे. मग रिकाम्या खिशाचं तोंड तसंच कच्च्या टाक्यांनी पुन्हा बंद करायचे, म्हणजे गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत खिसा सैल पडत नाही. "घरी जा, दोरा ओढा, आणि मग खिसा तुमचा," असं ते हसून सांगायचे. त्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. तोंड शिवलेला खिसा म्हणजे रिकामा खिसा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीने घात केला.

माझ्या टाक्याचं तर काय कौतुक व्हायचं! "कापड फाटेल, पण हिची टीप उसवणार नाही," असं शाळेतल्या एक बाई म्हणाल्या होत्या. मी ते अजून विसरलेले नाही. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोललं की ते जपून ठेवावं, अडचणीच्या दिवसांत उपयोगी पडतं.

मग या घरात एक मुलगी जन्माला आली. ती रांगायला लागली तेव्हापासून माझ्या पायाशीच असायची. खाली सांडलेल्या चिंध्या गोळा करायची, चाकाला हात लावून ओरडा खायची आणि माझ्या खणातल्या दोऱ्याच्या बॉबिनी पळवून घरभर घरंगळत सोडायची. स्वतःही तशीच, एका जागी ठरेल तर शपथ. मास्तरांनी तिचं नावच बॉबिन ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते घरात कुणी वापरायचं नाही.

बॉबिन मोठी होत गेली तशी मी म्हातारी होत गेले. एक दिवस दुकानात मोटारवाली मशीन आली. बटण दाबलं की भर्रकन पळणारी, पांढरीशुभ्र, अंगावर दिवा असलेली. मला खिडकीशी सरकवलं गेलं आणि माझ्यावर कपड्यांचे ढीग चढले. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू? पण मोटारवालीची एक गंमत होती. कापड जाड आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. ताडपत्री, कोट, जाड दुमड असलं काही आलं की ती जागच्या जागी गुरगुरत बसायची. मग वहिनी माझ्यावरचा ढीग उचलायच्या आणि म्हणायच्या, "चल बाई, तुझंच काम आहे हे." त्या एका वाक्यावर मी महिनाभर खूश असायचे.

बॉबिन अभ्यासात हुशार निघाली. तिला पूल बांधायला शिकायचं होतं, तेही असेतसे नाहीत, मोठ्या नद्यांवरचे. तिने परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट! वहिनींनी तर आनंदाने माझ्या चाकालाच मिठी मारली. मास्तर म्हणाले, "छान झालं." एवढंच. आणि थोड्या वेळाने, "पूल इथेही आहेत की."

मास्तर असे का बोलले, ते मला कळत होतं. त्यांचा एक धाकटा भाऊ होता. तो नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा मास्तरांनी त्याच्या कोटासाठी गडद निळं लोकरी कापड आणलं होतं. पण त्याची निघायची घाई. "आल्यावर शिवू की, दादा," असं म्हणून तो गेला. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग सणासुदीला यायचे, मग येईनासे झाले. तो तिकडे सुखात आहे, एवढं कुणाकुणाकडून कळायचं. ते निळं कापड मात्र डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत तसंच पडलं होतं. मास्तरांनी त्याला कात्री लावली नाही आणि कुणाला लावूही दिली नाही.

परदेशी शिकायला जायचं म्हणजे केवढी यातायात असते, मित्रांनो! दाखले, फोटो, वैद्यकीय तपासण्या, बँकेचे हेलपाटे. त्यात व्हिसाची मुलाखत. बॉबिन माझ्या समोरच्या स्टुलावर बसून, रिकामा पायटा हलवत उत्तरांची तयारी करायची आणि वहिनी साहेब होऊन प्रश्न विचारायच्या. चष्मा नाकावर ओढून, आवाज जाड करून वहिनी अशा काही साहेब व्हायच्या की मलाही धाक वाटायचा.

एके दुपारी साहेबांनी विचारलं, "शिक्षण संपल्यावर परत येणार का?"

"हो, नक्की परत येणार," बॉबिन खणखणीत आवाजात म्हणाली.

टेबलाशी मास्तरांची कात्री थांबली. "हे पाठ केलंयस की मनापासून आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ही तयारी आहे मुलाखतीची!"

"म्हणजे पाठच केलंयस."

"तुम्हाला काय वाटतं, मी काकासारखी करीन?"

झालं, ठिणगी पडली. एरवी मास्तर चढ्या आवाजात बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. "मग जाऊच नकोस! कशाला हवंय एवढ्या लांब जायला?" बॉबिन ताडकन उठून आत गेली. वहिनींनी साहेबांचा चष्मा उतरवून ठेवला. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवायला चला" आणि "दार लावून घे" एवढ्यावर आलं.

पुढे खरी मुलाखत छान झाली. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसून तो घरी आला. तिकीट निघालं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेचं झाकण वाजलं, खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला आणि माझ्या पाटावर येऊन पडलं ते निळं कापड. "तिकडे थंडी असते म्हणे," मास्तर वहिनींना म्हणाले. "तिला मापाला बोलाव."

माप घेताना दोघंही ताठ उभे. "हात वर." "वळ." "श्वास सोड." बॉबिन सगळं ऐकत होती. शेवटी मास्तरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "खिशात काय ठेवणार?"

"पासपोर्ट," ती म्हणाली. "आतल्या बाजूला हवा. चोरखिसा."

"दे इकडे."

तिने पासपोर्ट दिला आणि मैत्रिणीकडे निघून गेली. मास्तर तीन-चार दिवस त्या कोटात बुडून गेले. छातीच्या भागात ताठपणासाठी बक्रम घातलं, अस्तर बेतलं आणि अस्तराच्या आत, डाव्या बाजूला, अगदी हृदयाशी येईल असा चोरखिसा जोडला. पासपोर्ट आत सरकवला. खिशाच्या तोंडावर कच्चे टाके घातले. कोट स्टँडवर टांगला आणि मान वाकडी करून बघायला लागले. तेवढ्यात दारातून बँडमास्तर घुसले, दोन्ही हात मागे धरून. त्यांची लाल विजार ऐन कार्यक्रमाच्या आधी मागून उसवली होती आणि बाहेर गाडीत सगळी पलटण खोळंबली होती. "मास्तर, अब्रू वाचवा!" मास्तर सुईदोरा घेऊन त्यांच्या मागे लागले. तिथून त्यांना बँडवाल्यांनी गाडीत घालूनच नेलं, कारण आणखी दोघांची बटणं तुटली होती.

इकडे वहिनी आल्या. त्यांनी स्टँडवरचा कोट बघितला. खिशाचं तोंड कच्च्या टाक्यांनी बंद. म्हणजे खिसा तपासून झाला, रिकामा करून झाला, आता फक्त अस्तराची कड जोडायची, असं त्यांना वाटलं. वाटणारच! तपासायचे टाके आणि द्यायचे टाके दिसायला एकसारखेच. त्यांनी कोट माझ्यावर घेतला आणि टीप मारायला सुरुवात केली.

सुई छातीच्या बाजूला आली आणि मला जाणवलं, आत काहीतरी आहे. बक्रम मला माहीत आहे, ते वाकतं. हे वाकत नव्हतं. कापड त्याच्या कडेला उचललं जात होतं. पासपोर्ट आत आहे!  पण मी सांगणार कशी? मला एकच भाषा येते. मी टाका सोडला. वहिनींच्या लक्षात आलं नाही. मी आणखी दोन टाके सोडले, मग दोराच तोडला. त्यांनी दोरा पुन्हा ओवला. मी पुन्हा तोडला.

"म्हातारी झाली हो ही आता," वहिनी माझ्यावर डाफरल्या. छातीशी हात लावून बघितला. कडक लागलं. "बक्रमच जाड घातलंय यांनी," असं म्हणून त्यांनी हाताने चाक फिरवत ती कड पुरी केली. कोटाला इस्त्री झाली, वर धुतलेली चादर घातली गेली आणि तो कपाटाच्या दाराला लटकला. सोडलेले टाके छातीवर उलटणाऱ्या कॉलरखालच्या दुमडीत दडले. मास्तर घरी आले तेव्हा कोट पुरा झाला होता.

बॉबिनला निघायला दोन दिवस राहिले असताना सकाळी ती कागदपत्रं लावायला बसली आणि तिने विचारलं, "आई, पासपोर्ट कुठाय?"

मग जे सुरू झालं ते विचारू नका. भरलेल्या बॅगा रिकाम्या झाल्या. गाद्या उलटल्या. माझे खण काढून जमिनीवर पालथे केले, बॉबिनी पुन्हा घरभर घरंगळल्या, पण या वेळी कुणी हसलं नाही. मोटारवालीच्या पोटात बॅटरी मारून बघितलं. डाळीच्या डब्यात हात घातले.

"बाबा, मी तुमच्याकडे दिला होता," बॉबिन म्हणाली.

"मी परत दिला," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक वस्तू परत दिली होती.

"कोटाच्या खिशात बघितलं का?"

"अगं, खिशाचं तोंड शिवलेलं आहे अजून," वहिनी म्हणाल्या. "बंद खिशात कोण काय ठेवणार?"

मास्तरांनीही मान हलवली. मी इथे खिडकीशी उभी होते, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

संध्याकाळपर्यंत घरातली एक वस्तू जागेवर राहिली नाही. पासपोर्ट नसेल तर विमान गेलं, आणि शिष्यवृत्ती यंदापुरतीच होती. बॉबिन वेळेवर हजर झाली नाही, तर ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती. बॉबिन जमिनीवर, पालथ्या खणांच्या मधोमध बसली होती. ती एकदम म्हणाली, "तुम्हीच लपवलात."

"बॉबिन!" वहिनी ओरडल्या.

"मग कुठे गेला? यांनाच मला जाऊ द्यायचं नव्हतं! यांनीच माझ्याकडून मागून घेतला! एकदा तोंडाने सांगून बघितलं, आता हे!"

 मास्तर टेप गळ्यात तसाच ठेवून उभे राहिले, मग खाली बसून एकेक बॉबिन उचलून खणात ठेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी पासपोर्टच्या कार्यालयात निघाल्या. हरवल्याची नोंद केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि नोंद झाली की जुना रद्द होतो, मग तो सापडला तरी कामाचा नाही. हे बॉबिन वहिनींना दारात समजावत होती, ते मी ऐकलं. विद्यापीठाला थोडी मुदत मागून बघू, असंही ती म्हणाली, पण तिच्या आवाजात काही दम नव्हता. बापाकडे न बघताच ती बाहेर पडली.

घरात मास्तर आणि मी. ते माझ्यासमोर येऊन बसले. मनाला लागलं की त्यांना दुसरीकडे कुठे बसवत नाही. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी मला बोलली, आणि तुलाही बोल लागला म्हणे. टाके सोडतेस?"

मग त्यांनी कपाटाच्या दाराचा कोट काढून आणला आणि माझी टीप डोळ्यांजवळ धरून तपासायला लागले. कॉलरखालची दुमड उलटली. एक सुटलेला टाका सापडला. पुढे आणखी दोन. त्यांनी मला चिंधीवर चालवून बघितलं. एकही टाका सुटला नाही. पुन्हा चालवलं. पुन्हा नाही.

"तू उगाच टाका सोडायची नाहीस," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "आत काहीतरी आडवं आलं असणार."

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या कौतुकात मला याहून मोठं काही मिळालं नाही.

त्यांनी खिशाच्या तोंडाचे कच्चे टाके उसवले आणि आत हात घातला. हात आतच राहिला. मग बाहेर आला तो पासपोर्ट घेऊन.  "अरे देवा," ते म्हणाले, "माझ्याच हातानं."

आता मी जे सांगते ते त्या खोलीत फक्त मीच बघितलं. मास्तर उठले नाहीत. पासपोर्ट हातात धरून माझ्यासमोर बसून राहिले. ते काय विचार करत होते ते मला कळत होतं. त्यांना काही करावंही लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिलं की झालं. थोड्या वेळाने तिकडे नोंद झाली असती, पासपोर्ट रद्द झाला असता आणि पोरगी घरी राहिली असती. माझं चाक मी घट्ट धरून ठेवलं.

मग त्यांनी फोन उचलला. बॉबिनचा बंद. वहिनींचाही बंद. त्या कार्यालयात फोन दारातच जमा करायला लावतात. आता बसून राहिले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं, फोन तर लावला होता की! पण मास्तर कोट काखेत मारून उठले, आणि ज्या माणसाला गुडघ्यामुळे दोन पायऱ्या चढताना "आई गं" म्हणावं लागतं, तो माणूस रस्त्यावरून धावत सुटला. दार उघडंच टाकून.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. त्या दुपारी परत आल्या तेव्हा हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "अगं, खिडकीतला माणूस फॉर्म घ्यायला हात पुढे करतोय, आणि मागून आरडाओरडा! बघते तर हे! गळ्यात टेप, काखेत कोट, एका पायात चप्पल नाही. शिपाई म्हणतो, आजोबा, रांगेत या. तर हे त्याला म्हणतात, रांग गेली खड्ड्यात!" हे शब्द आमच्या मास्तरांच्या तोंडचे! मला तर खरंच वाटेना.

 बॉबिन माझ्या स्टुलावर बसली. मास्तर जमिनीवर पाय पसरून गुडघा चोळत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी काय काय बोलले तुम्हाला."

"बोललीस. लागलंही."

"मला आधी विचारायला हवं होतं. शोधायला हवं होतं."

"शोधलं तर आपण सगळ्यांनीच. फक्त शिवलेल्या खिशात बघितलं नाही." मास्तरांनी गुडघ्यावरचा हात काढला. "ऐक. तुझ्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सापडल्यावर मी लगेच उठलो नव्हतो. वाटलं, बसून राहावं. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, आजही वाटतं. पण तुझी वाट माझ्या हातानं शिवून बंद झाली असती, तर मला पुन्हा सुई धरवली नसती."

बॉबिन स्टुलावरून उतरली आणि लहानपणी बसायची तशी जमिनीवर त्यांच्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "ते उत्तर मी पाठ केलेलं होतं. पण मनापासूनही होतं."

"बरं," मास्तर म्हणाले. "आता दोरा ओव. ते सुटलेले टाके राहिलेत अजून."

ते टाके तिने स्वतः घातले, माझ्यावर बसून. टीप थोडी वाकडी गेली. मास्तरांनी बघितली, तोंड उघडलं, वहिनींनी डोळे मोठे केले आणि मास्तरांनी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी बॉबिन तो कोट घालूनच निघाली. इथे घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी काढायला तयार नाही. दारातून मागे वळली, माझ्या चाकाला हात लावला, एक फिरकी दिली आणि गेली.

तेव्हापासून आमच्या दुकानात दोन नवे नियम झाले आहेत. खिसा तपासायचे टाके आता लाल दोऱ्याचे, म्हणजे रिकाम्या खिशाशी गल्लत नको. आणि कुठलीही शिवण बंद करण्याआधी वहिनी विचारतात, "हात घातला?" मास्तरांनी "घातला" म्हटल्याशिवाय पायटा हलत नाही. बॉबिनचा फोन येतो तेव्हाही हेच चालतं. परवा ती कुणा मैत्रिणीवर रागावून तणतणत होती, ती अशी वागली, तिने मुद्दामच केलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आत हात घातलास?"  पलीकडून हसण्याचा आवाज आला. "नाही बाबा. आधी विचारते तिला."

पहिली सुट्टी लागल्यावर ती येणार आहे. मास्तरांनी दिनदर्शिकेवर खडूने खूण केली आहे, आणि ती पुसली की पुन्हा करतात.

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. आमच्यासारख्या जुन्या वस्तू अडखळतात, कुरकुरतात, दोरा तोडतात. माणसंही तसंच करतात. तेव्हा लगेच "म्हातारी झाली" किंवा "मुद्दाम केलं" म्हणू नका. आत काय अडलंय ते आधी हात घालून बघा. आणि जमलंच तर महिन्यातून एकदा माझ्या सांध्यांत दोन थेंब तेल सोडा. निदान ते मांजर तरी उठवा, ते बघा, परत आलं.